खजिनदारकाकूंना विचारा : दुसरी सही

चोवीस वर्षं एका गिर्यारोहण संस्थेची खजिनदारकी केली, म्हणून संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात मारलं. मी स्वतः कळसूबाईच्या वर कधी गेले नाही. तीही शिड्यांवरून, मध्ये दोनदा ताक पिऊन. पण दोर कितीला पडतो, खेचरवाला आगाऊ किती मागतो आणि कोणता प्रायोजक फोटो काढून झाला की फोन उचलत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा. गेल्या अंकात मोहिमांच्या खर्चावर चार ओळी लिहिल्या, त्यावर बरीच पत्रं आली. मावतील तेवढी घेतली आहेत.

आम्ही कॉलेजचे चार मित्र सह्याद्रीची धार चालणार आहोत. साल्हेर ते आंबोली, पंचावन्न दिवस. साडेअकरा लाखांचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. एवढे पैसे कोण देईल?
– चार विद्यार्थी, कोल्हापूर

बाळांनो, अंदाजपत्रक जोडलंत हे फार छान केलंत. निम्मे लोक तेही जोडत नाहीत. मी ते चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचलं.

ड्रोन आणि कॅमेरे तीन लाख चाळीस हजार. लोगो छापलेली जॅकेटं आणि टी-शर्ट एक लाख दहा हजार. प्रस्थान समारंभ पंचाहत्तर हजार. समाजमाध्यमं सांभाळणारा माणूस नव्वद हजार. शिधा शेहेचाळीस हजार. औषधपेटी अडीच हजार. परतीच्या प्रवासाला रकानाच नाही. आणि ‘इतर’ म्हणून चार लाख शहाऐंशी हजार पाचशे. ‘इतर’ हा माझा जुना वैरी. ज्या अंदाजपत्रकात ‘इतर’ शिध्याच्या दहापट असतं, त्यावर मी कधी सही केली नाही.

आता शिधा पाहा. चार माणसं, पंचावन्न दिवस, म्हणजे दोनशे वीस ताटं. माणशी दिवसाला दोनशे नऊ रुपये पडतात. खिचडी, पोहे, भाकरी-पिठल्यावर भागेल, माझी तक्रार नाही. पण ज्या माणसाला दिवसाला दोनशे नऊ रुपयांत चालवायचं, त्याच्या डोक्यावर साडेतीन लाखांचे कॅमेरे कशाला फिरवायचे? ड्रोन काढा, समारंभ काढा. तुमच्या आयांनी दारात दही हातावर ठेवलं की प्रस्थान झालं. हा सगळा प्रकार चार लाखांत बसतो, मी मांडून पाहिलं आहे.

त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही घाला. सुट्टीत काम करा, जुनी सायकल विका, काहीही करा. स्वतःचा पैसा न घालता आलेल्या पोरांना मी कधी दारात उभं केलं नाही, दुसरे तरी का करतील? उरलेल्यासाठी रोख मागत फिरू नका, माल मागा. घाऊक किराणावाल्याकडे पाच हजार रुपये मागितलेत तर तो पुढच्या आठवड्यात या म्हणेल. पन्नास किलो तांदूळ आणि दहा किलो तूरडाळ मागितलीत तर पोरगा आतून पोतं घेऊन येईल. गूळ तर कोल्हापुरात मागावाही लागू नये.

हा माल पाठीवर घेऊन चालायचा नाही. आधी एसटीने फिरा, दर सहा-सात मुक्कामांवर एखादं गाव गाठा आणि ओळखीच्या घरात पोतं ठेवा. पोत्यात काय आहे त्याची यादी दोन प्रतींत, एक त्या घरी, एक तुमच्याकडे. त्या घराला पैसे द्या. “कशाला हो, राहू द्या” म्हणतील, तरी द्या. फुकटच्या पोत्यावर उंदीर आधी येतात.

वनखात्याचं विसरलात. तुमची वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर अभयारण्यांतून जाते, आणि दक्षिणेला कोयना-चांदोली म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथे गाभ्यातून मुक्काम करत चालायला कोणी देणार नाही, द्यायलाही नको. अर्ज आत्ता करा आणि वळसा कुठून घ्यायचा ते आत्ताच नकाशावर काढून ठेवा. दिवाळी झाली की निघा. फेब्रुवारी सरला की धारेवरचे झरे आटतात आणि गडांवरच्या टाक्यांत उरतं त्याला पाणी म्हणायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आम्ही मेलबर्नमध्ये रॉयल पार्कजवळ राहतो. तिथे ऑस्ट्रेलिया खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेचं दगडी स्मारक आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलगा विचारतो की या मोहिमेला पैसे कोणी दिले. इथल्या पुस्तकांत शौर्यावर पानंच्या पानं आहेत, पैशावर चार ओळी. तुम्ही सांगाल का?
– एक आई, मेलबर्न

सांगते की. या मोहिमेचा जमाखर्च मी एके काळी रात्र-रात्र वाचत बसत असे. का, ते शेवटच्या पत्रात येईल.

मुलाला सांगा, सुरुवात एका निनावी देणगीने झाली. १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका व्यापाऱ्याने नाव न सांगता कळवलं की लोकांनी वर्षभरात दोन हजार पौंड उभे केले तर माझे एक हजार. अँब्रोज काइट त्याचं नाव. ते पुढे बाहेर आलं. आपल्या गणपती मंडळात एखादा शेठ म्हणतो ना, “तुम्ही जमवा, मग माझं बघू”, त्यातलाच प्रकार. वर्गणी जमली. व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने सहा हजार पौंड घातले आणि उंटांसाठी तीन हजार वेगळे दिले. सोन्याच्या खाणींनी मेलबर्न तेव्हा गबर झालं होतं. दक्षिणेच्या किनाऱ्यापासून उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडायचा, तोही शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया वसाहतीच्या आधी, ही ईर्षा होती. कारभार रॉयल सोसायटी ऑफ व्हिक्टोरियाच्या शोधसमितीकडे. समितीत माणसं भरपूर. रानात मोहीम चालवलेली मात्र बोटावर मोजण्याइतकी.

उंट कुठून आणले ते मुलाला आवडेल. जॉर्ज लँडेल्स नावाच्या माणसाने हिंदुस्थानातून चोवीस उंट घेतले आणि कराचीहून जहाजाने आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे एका परीने ते आपल्याच इलाख्यातून निघाले. सोबत दोस्त महंमद, एसाऊ खान, बलुच असे उंटवाले. समला नावाचा एक हिंदू उंटवालाही होता. शिध्यातलं मांस त्याला चालेना, तो थोड्याच दिवसांत मोहीम सोडून गेला. माझ्या दृष्टीने ही मोहिमेतली पहिली हिशोबाची चूक. माणूस समुद्रापलीकडून आणता, आणि तो काय खातो हे विचारत नाही?

या लँडेल्सला उपनेता म्हणून वर्षाला सहाशे पौंड. नेता रॉबर्ट ओ’हारा बर्क याला पाचशे. बर्क पोलीस खात्यातला अधिकारी, मोहिमेचा अनुभव शून्य. नेत्यापेक्षा उपनेत्याचा पगार जास्त ठेवणाऱ्या समितीला मी अर्धा तास समोर बसवून घेतलं असतं. पुढे उंटांसाठी नेलेल्या रमवरून दोघांचं बिनसलं आणि लँडेल्स राजीनामा देऊन परत गेला. हो, उंटांसाठी रम. साठ गॅलन.

२० ऑगस्ट १८६० ला तुमच्या त्या रॉयल पार्कमधून मंडळी निघाली. एकोणीस माणसं, सव्वीस उंट, तेवीस घोडे, सहा गाड्या, वीस टनांच्या घरात सामान. त्यात जेवणाचं टेबल आणि खुर्च्या, चिनी घंटा आणि आकाशात सोडायचे बाण. बघायला पंधरा हजार लोक. एक गाडी पार्कच्या बाहेर पडण्याआधीच मोडली. फ्रान्सिस कॅडेल नावाच्या बोटवाल्या कप्तानाने आधीच सांगितलं होतं की सामान नदीने वरपर्यंत पोचवतो. त्याने बर्कच्या नेमणुकीला विरोध केला होता, म्हणून बर्कने नाही म्हटलं. सगळं ओझं गाड्यांवर गेलं, चिखलात रुतलं, वाटेत विकावं नाही तर टाकावं लागलं. वाटेतल्या मेनिंडी गावाला पोचायला दोन महिने लागले. टपालाची घोडागाडी हेच अंतर आठवड्याच्या थोडं वर घेई.

इथवर फक्त उधळपट्टी. घात पुढे झाला.

बर्क निवडक माणसं घेऊन मेनिंडीहून कूपर्स क्रीक नावाच्या ओढ्याला गेला आणि तिथे तळ टाकला. विल्यम राइट नावाच्या स्थानिक माणसाला सांगून गेला की मागचा शिधा आणि जनावरं घेऊन तू ये. राइट आला नाही. त्याची नेमणूक समितीने मंजूर केलेली नव्हती आणि जनावरं घ्यायला हातात पैसे नव्हते. शेवटी हॉजकिन्सन नावाचा सहकारी घोड्यावरून मेलबर्नला गेला आणि मंजुरी व पैसे घेऊन ९ जानेवारी १८६१ ला मेनिंडीला परत आला. राइट निघाला २६ जानेवारीला, ऐन उन्हाळ्यात. तिकडे जानेवारी म्हणजे आपला मे. पाणी नाही, माणसं स्कर्व्हीने आजारी. वाटेतच त्याचे काही जण गेले. लुडविग बेकर हा मोहिमेचा चित्रकारही त्यांतलाच. राइट त्या तळावर वेळेत पोचलाच नाही.

इकडे बर्क, त्याचा नवा उपनेता विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे १६ डिसेंबरला कूपर्स क्रीकवरून उत्तरेला निघाले होते. फेब्रुवारीत ते उत्तरेच्या आखाताजवळ पोचले. समुद्र दिसला नाही, खारफुटीची दलदल आडवी आली, पण भरतीचं खारं पाणी चाखलं आणि मागे फिरले. परतताना ग्रे गेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी तळावर आले. तळ रिकामा. तळ सांभाळायला ठेवलेला आणि तीन महिने थांब असं सांगितलेला ब्राहे चार महिन्यांच्या वर थांबला होता आणि त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. नऊ तासांची चुकामूक. झाडाच्या बुंध्यावर कोरलं होतं, ‘खणा’. खणलं तर थोडा शिधा आणि चिठ्ठी.

बर्क आणि विल्स त्या ओढ्याकाठीच दोन-अडीच महिन्यांत गेले. किंग वाचला, कारण तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं. सप्टेंबरात आल्फ्रेड हॉविटच्या शोधपथकाला तो सापडला. यांद्रुवांधांना पुढे समितीने कोरलेल्या पितळी पट्ट्या दिल्या. मदतमोहिमा धरून एकूण खर्च पन्नास हजार पौंडांच्या वर गेला आणि सात माणसं मेली, आणि ज्यांनी मोहिमेतल्या एका माणसाला खरंच पोसलं त्यांच्या वाट्याला पितळ आलं. माझ्या किर्दीत ही नोंद मी लाल शाईने केली असती.

मुलाच्या प्रकल्पात आणखी एक माणूस घाला, जॉन मॅकडूअल स्टुअर्ट. त्याला पैसे विल्यम फिंक आणि जेम्स चेंबर्स या दोन धनिकांनी दिले, पुढे साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही घातले. १८६० मध्ये तो दोन सोबती आणि तेरा घोडे घेऊन खंडाच्या मध्यापर्यंत पोचला. टेबल-खुर्ची नाही, घंटा नाही. दोनदा वाटेतून परत फिरला, पण माणसं सुखरूप आणली, आणि २४ जुलै १८६२ ला उत्तरेच्या समुद्रात पाय बुडवले. १८७२ मध्ये तारायंत्राची ओळ बरीचशी त्याच्या वाटेने गेली. देणगीदारांना त्याने काय दिलं? नकाशावर फिंक नदी आहे आणि चेंबर्स पिलर नावाचा वालुकाश्माचा सुळका आहे. आजच्या बॅनरवरच्या लोगोपेक्षा हे टिकाऊ निघालं. अर्थात त्या सुळक्याला तिथल्या लोकांचं आपलं नाव आधीपासून होतंच, हेही मुलाला लिहू द्या.

आमच्या क्लबची हिमाचलमध्ये मोहीम आहे. एका कंपनीचे अधिकारी म्हणतात, सीएसआरमधून देऊ, झेंड्यावर आणि तंबूवर आमचा लोगो लावा. चालेल ना?
– सचिव, नागपूर

नाही चालणार, आणि तुमच्याआधी त्यांचा ऑडिटर अडवेल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, तेच सीएसआर. कुठे घालायचे त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. आपल्या उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत, हे नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा एक तर लोगो घ्या आणि ते पैसे त्यांच्या जाहिरात खात्यातून येऊ द्या. नाही तर मोहिमेला जोडून खरंखुरं काम दाखवा, म्हणजे तळापर्यंतच्या वाटेवरचा कचरा खाली आणणं किंवा गावातल्या मुलांना प्रस्तरारोहणाचं शिक्षण, आणि त्याचा खर्च वेगळा मांडा. शिखराचा खर्च गावातल्या शिबिरात दडवू नका. एकदा पकडलं गेलात की पुढची दहा वर्षं कोणी दारात उभं करणार नाही.

सीएसआर घ्यायचं तर तुमच्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. लोकांकडून देणगी घेणार असाल तर देणाऱ्याला करात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी आहे का ते पाहा. असेल तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी देणाऱ्याला करात उपयोगी पडत नाही, त्यामुळे चेक किंवा यूपीआय. आणि देणगीदार नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ८०जीची सवलतच नाही. हे आधी सांगून टाका, मार्चमध्ये शिव्या खाऊ नका. शिखरासाठी इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी काढली असेलच.

उपग्रह फोन परदेशातून मागवला तर स्वस्त पडतो. न्यावा का?
– नाशिकचा एक ट्रेकर

नेऊ नका. थुराया, इरिडियमचे फोन भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे आणि त्यात लोक अटकेत गेले आहेत. वाचवलेले पैसे वकिलाला जातील.

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. हिमालयातल्या मोठ्या मोहिमेत तिची निवड झाली आहे. पावतीपुस्तक घेऊन ती दारोदार फिरते. माझ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, भीक मागतेय. मुलीचे बाबा आता घर तारण ठेवायचं म्हणतात. काय करू?
– एक आई, सातारा

घर तारण ठेवू नका. हे आधी.

शिखराचं काही खरं नसतं. वारा सुटला, पायाला हिमदंश झाला की माणूस परत फिरतो, आणि परत फिरावंच. डोक्यावर घराचं कर्ज असलेली मुलगी मात्र परत फिरताना दहा वेळा विचार करेल. जिथे दहा वेळा विचार करायला वेळ नसतो, तिथे तिला ते ओझं देऊन पाठवू नका. कर्जाच्या पैशावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं वरून येणारं बोलणंच वेगळं असतं.

आता जाऊबाई. भीक मागणारा पावती देत नाही. तुमची मुलगी पावती देते, तिला सांगा नीट द्यायला. कार्बन सरळ ठेवायचा, रक्कम अक्षरांत लिहायची, मधला आकडा खोडला तर अख्खी पावती रद्द करून पुस्तकातच ठेवायची. परत आली की दिलेल्या प्रत्येकाला एक पानाचा हिशोब आणि एक फोटो, पन्नास रुपये देणाऱ्यालाही. पुण्याच्या गिरिप्रेमीचे आठ जण १९ मे २०१२ ला एव्हरेस्टवर उभे राहिले, ती मोहीमही समाजाच्या पैशांवर गेली होती. त्यांना कोणी भिकारी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमच्या वेळी आम्ही नाटकाचा प्रयोग विकत घ्यायचो आणि तिकिटं आम्हीच खपवायचो. स्मरणिका काढायचो. अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी मी एका फर्निचरवाल्याकडे सात वेळा गेले आहे. सातव्या वेळी तो म्हणाला, “ताई, बसा तरी.” बसले, चहा घेतला, जाहिरात घेतली. जाऊबाईंना पहिली पावती फाडायला सांगा. एकशे एक रुपयांची. बघा कशा बोलायच्या थांबतात ते.

मोहिमेनंतर पैसे शिल्लक राहिले तर काय करावं?
– एक होतकरू खजिनदार, रत्नागिरी

राहत नाहीत.

वय एकोणसत्तर. तरुणपणी बरंच भटकलो, आता दोन्ही गुडघे गेले. आमच्या क्लबची पोरं लडाखला चालली आहेत. मला काही करायचं आहे, पण पैसा फारसा नाही. घरी बसून काय होणार?
– एक जुना भटक्या, डोंबिवली

भाऊ, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे असता तर १९९४ साली माझी फजिती झाली नसती.

आमचे सात जण हिमाचलमधल्या लाहौलला, चंद्रभागेच्या बाजूच्या एका सहा हजारी शिखरावर गेले होते. पहिला हप्ता घेऊन मनालीपर्यंत पोचले. दुसरा हप्ता, अठ्ठावीस हजार रुपये, मी टीटीने पाठवायचा असं ठरलं होतं. टीटी म्हणजे तारेने पैसे. तेव्हा मोबाइल कुठले? रात्री अकरानंतर पाव दर लागला की पोरं एसटीडी बूथवरून फोन करायची. सोमवारी फोन आला. “काकू, खेचरवाला म्हणतो पैसे आधी. उद्या टाका.”

मी स्वतः बँकेत नोकरीला. पण संस्थेच्या चेकवर दोन सह्या लागायच्या, माझी आणि अध्यक्षांची. अध्यक्ष पुतणीच्या लग्नाला सांगलीकडच्या एका खेड्यात गेले होते. तिथे फोन नाही. मी एक तार केली आणि वाट पाहत बसले. माझ्या पोस्टाच्या खात्यात तेव्हा बत्तीस हजार होते. ते काढून पाठवता आले असते. मला सुचलं होतं, खोटं कशाला बोलू? पण संस्थेचा आणि घरचा पैसा एकात एक करायचा नाही, हा माझा नेम. नेम पाळला. अध्यक्ष गुरुवारी आले, सही झाली, शुक्रवारी पैसे गेले. मनालीच्या शाखेत संदेश पोचला तो एका अक्षराची चूक होऊन. मग शनिवार अर्धा दिवस, मग रविवार.

सोमवारी पैसे हातात पडले. चांगल्या हवेचे दिवस पोरांनी मनालीत कॅरम खेळत काढले. दुसऱ्या कॅम्पच्या वर गेले तेव्हा बर्फ सुरू झालं, तीन दिवस तंबूत बसले आणि परतले. ठाण्याला स्टेशनवर मी हार घेऊन गेले होते. मला कोणी एक अक्षर बोललं नाही. पोरांचं ते न बोलणं मला अजून आठवतं. आठवड्याने नेत्याने व्हाउचरं आणून दिली. त्यांत एक होतं, ‘सहा खेचरं, थांबण्याचे सहा दिवस, रु. १,८००’. खाली खेचरवाल्याचा अंगठा, निळ्या शाईचा, थोडा फरकटलेला.

त्या वर्षी कोणाकडून तरी बर्क आणि विल्सची गोष्ट कळली आणि मी मिळेल ते वाचत सुटले. मेनिंडीला मंजुरीची वाट पाहत बसलेल्या त्या राइटला सगळे शिव्या देतात. मला त्याचं पटत नाही, पण कळतं.

त्यानंतर आम्ही तीन सह्यांची खाती केली, तिघांतल्या कुठल्याही दोन चालतील अशी. मोहीम बाहेर असेपर्यंत तिघांतले दोघे गाव सोडणार नाहीत, असा ठरावच करून घेतला. अडीअडचणीची रक्कम आधीच काढून उपनेत्याकडे बंद पाकिटात द्यायला लागलो. नेत्याकडे नाही. नेते उदार असतात.

आता तुमचं काम. पोरं निघण्याआधी त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या. कोणत्या दिवशी कुठे असणार, कोणत्या तारखेपर्यंत निरोप आला नाही तर काळजी करायची, आणि तेव्हा कोणाला फोन करायचा. प्रत्येकाचा रक्तगट, घरचा नंबर, विम्याचा क्रमांक. लेहमधल्या वाहनवाल्याशी तुम्ही स्वतः एकदा बोला, त्याच्या आवाजावरून कळतं. रोज रात्री नऊला फोनजवळ बसा. आणि घरच्यांचे फोन तुम्ही घ्या. सात आया रोज विचारतात, त्यांना तेच उत्तर सात वेळा, न वैतागता द्यायचं असतं. हे कोणाला जमत नाही. गुडघे लागत नाहीत त्याला.

क्लबला सांगून खात्यावर तिसरी सही तुमची लावून घ्या. आणि कागद भरताना एक विचारा हं, ऑगस्ट-सप्टेंबरात घरात कुठलं लग्न आहे का. तुमच्याही, आणि अध्यक्षांच्याही.